वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन दुकानासाठी मालाचे फोटो

घरगुती किंवा छोट्या व्यवसायाचा माल ऑनलाइन विकणाऱ्या वाचकांकडून आम्ही मागील अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांची सुरुवात ‘कोणता कॅमेरा घ्यावा’ या प्रश्नाने झाली आहे. गेल्या पाच-सहा वर्षांतील कोणत्याही बऱ्यापैकी मोबाइलचा कॅमेरा या कामाला पुरतो, एवढे सांगून तो विषय बाजूला ठेवतो. या कामात वेळ जातो तो फोटो काढण्यात नव्हे, काढलेले फोटो सुधारत बसण्यात. आणि सुधारण्याचे काम वाढते ते मांडणीत राहून गेलेल्या गोष्टींमुळे. खालील उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : आमचा कोल्हापुरी चपलांचा घरचा धंदा आहे. नमुने शंभराच्या वर आहेत. मुलगा एकेका जोडाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढतो, मग मोबाइलवर बोटाने मागची पार्श्वभूमी पुसत बसतो. दिवसभरात आठ-दहा नमुन्यांच्या पुढे काम सरकत नाही. चांगला कॅमेरा घेतला तर वेग वाढेल का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : वाढणार नाही. आपला वेळ दोन ठिकाणी वाया जातो आहे आणि त्यांपैकी एकाचाही कॅमेऱ्याच्या किमतीशी संबंध नाही.

पहिले ठिकाण पार्श्वभूमीचे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे पांढऱ्या कागदावर ठेवलेली चप्पल टिपताना तो उजेड आपणहून कमी करतो, कागद मळकट दिसतो आणि तो मळकटपणा पुसण्यात आपल्या मुलाची संध्याकाळ होते. मोबाइलच्या पडद्यावर चपलेच्या जागी बोट दाबून धरले की फोकस आणि उजेड दोन्ही स्थिर होतात. त्यानंतर शेजारी दिसणारी उजेडाची पट्टी थोडी वर सरकवावी. कागद स्वच्छ पांढरा दिसू लागेल, पण कातड्यावरची शिवण आणि वेणीची वीण उजळून नाहीशी होणार नाही, इतपतच ती वाढवावी. अशा फोटोत पार्श्वभूमी पांढरी करण्याचे राहिलेले काम कोणतेही साधे ॲप एका स्पर्शात करते, कारण वस्तू कुठे संपते आणि कागद कुठे सुरू होतो, हे त्याला स्पष्ट दिसते. मात्र चपलेखालची हलकी सावली पुसू नये. ती गेली की चप्पल हवेत तरंगत असल्यासारखी दिसते.

कागद म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा २२ बाय २८ इंचांचा जाड पांढरा कार्डशीट पुरेसा आहे. त्याची वरची कड भिंतीला चिकटवून खालचा भाग टेबलावर घडी न पाडता वळणाने सोडावा, म्हणजे मागे रेघ दिसत नाही. खिडकी एका बाजूला येईल असे टेबल लावावे आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करावा, त्यामुळे सावलीतली बाजू काळवंडत नाही.

खिडकीबद्दल एक सूचना महत्त्वाची आहे. परदेशी पुस्तकांत ‘उत्तरेकडची खिडकी निवडा, तिथून थेट ऊन येत नाही’ असे सरसकट लिहिलेले असते. ते युरोप-अमेरिकेला लागू आहे. कोल्हापूर कर्कवृत्ताच्या बरेच दक्षिणेला असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि त्या काळात उत्तरेच्या खिडकीतही ऊन उतरू शकते. तेव्हा तिथे पांढऱ्या मलमलीचा किंवा बटरपेपरचा पडदा लावावा. पावसाळ्यात अडचण वेगळी असते : ढग येतात-जातात, उजेड दर काही मिनिटांनी बदलतो आणि एका नमुन्याचा फोटो दुसऱ्याशी जुळत नाही. शंभराच्या वर नमुने एका बैठकीत उरकायचे असतील, तर एकाच कंपनीचे, एकाच रंगछटेचे दोन एलईडी दिवे घेऊन खिडकी बंद करणे अधिक श्रेयस्कर आहे. दिव्याच्या खोक्यावर ‘सीआरआय’ (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, याचे माप) हा आकडा ९० किंवा अधिक आणि रंगतापमान ५००० ते ५५०० केल्विनच्या दरम्यान असल्याची खात्री करावी. काम चालू असताना घरातील ट्यूबलाइट आणि पिवळे दिवे बंदच ठेवावेत.

दुसरे ठिकाण कामाच्या क्रमाचे. आपला मुलगा एका जोडाच्या सगळ्या बाजू टिपतो आणि मग दुसऱ्या जोडाकडे वळतो. म्हणजे प्रत्येक जोडासाठी मोबाइल चार-पाच वेळा हलतो आणि दर वेळी कोन, अंतर, उजेड नव्याने जुळवावा लागतो. या कामात एकच नियम पाळावा : जे हलवायला जास्त वेळ लागतो, ते कमीत कमी वेळा हलवावे. चप्पल उचलून दुसरी ठेवायला क्षणभर पुरतो, पण तिपाई नव्याने लावायला काही मिनिटे जातात. म्हणून मोबाइल तिपाईवर एका कोनात पक्का करावा, टेबलावर टाच आणि अंगठा कुठे येतील तिथे बारीक चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात आणि त्या एका कोनातून सर्व नमुने एकामागून एक टिपावेत. त्यानंतर कोन बदलावा आणि तीच रांग पुन्हा त्याच क्रमाने चालवावी. काळ्या आणि गडद रंगाच्या चपला वेगळ्या काढून शेवटी घ्याव्यात, कारण त्यांना उजेड वेगळा लागतो.

यात एकच धोका आहे, तो म्हणजे कोणता फोटो कोणत्या नमुन्याचा याचा घोळ. तो टाळण्यासाठी आदल्या दिवशी यादी करून प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्यावा, चपला त्याच क्रमाने फळीवर लावाव्यात आणि दर दहा नमुन्यांनंतर क्रमांकाची चिठ्ठी कागदावर ठेवून तिचाही एक फोटो घ्यावा. पुढे संगणकावर नावे देताना ‘कापशी-०१४-वरून’, ‘कापशी-०१४-तळ’ अशी ‘प्रकार-क्रमांक-बाजू’ पद्धत ठेवली, तर वर्षभरानंतरही हवा तो फोटो सापडतो.

मोबाइल चपलेच्या फार जवळ नेऊ नये. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा अंगठा फुगलेला आणि टाच आखडलेली दिसते, आणि गिऱ्हाईक माप चुकले म्हणून चप्पल परत पाठवते. दोन पावले मागे जाऊन मोबाइलमधील दुप्पट मोठे दाखवणारी सोय वापरावी. पट्टा मऊ असेल आणि खाली पडत असेल, तर आतून कागदाची गुंडाळी अशी ठेवावी, की ती फोटोत दिसणार नाही.

ॲमेझॉनसारख्या ठिकाणी विकत असाल, तर पादत्राणांच्या पहिल्या फोटोत जोड न दाखवता एकच चप्पल, डावीकडे तोंड करून, सुमारे ४५ अंशांत दाखवावी, असा तिथला सर्वसाधारण नियम आहे. जोड, तळ, कान (बाजूच्या पाकळ्या), वेणीचा जवळून घेतलेला फोटो आणि तळाची जाडी ही त्यानंतरची चित्रे असतात. मोजपट्टी शेजारी ठेवून घेतलेला एक फोटो अवश्य द्यावा. मापाबद्दलचे बरेच फोन त्यानेच थांबतात.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. आपली नोंद ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून झालेली असेल तरच मानांकनाचे चिन्ह वापरावे, आणि तेही पहिल्या फोटोवर छापू नये. पहिल्या फोटोवर कोणतेही अक्षर किंवा चिन्ह मोठी संकेतस्थळे चालवून घेत नाहीत.

प्रश्न : आम्ही पैठण्या विकतो. ‘फोटोत रंग वेगळा होता’ या एकाच कारणाने साड्या परत येतात. फोटो तर आम्ही मुद्दाम सुधारून, खुलवून टाकतो. चूक कुठे होते?
(एक वाचक भगिनी, येवला)

उत्तर : ‘खुलवून’ या शब्दातच बरेचसे उत्तर आहे. मोबाइलचा कॅमेरा मुळातच रंग थोडे भडक करतो, त्यावर ॲपने आणखी भर घातली जाते, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा पडदाही बहुधा भडक रंगांवरच लावलेला असतो. साडी हातात पडते तेव्हा ती चांगली असूनही फिकी वाटते.

रंग चुकण्याची सुरुवात मात्र फोटो काढण्याआधीच होते. खिडकीचा निळसर उजेड आणि खोलीतला पिवळा दिवा एकाच वेळी साडीवर पडले, तर पदर एका रंगाचा आणि निऱ्या दुसऱ्या रंगाच्या दिसतात. हा दोष नंतर कोणत्याही ॲपने नीट जात नाही, कारण एक भाग सुधारला की दुसरा बिघडतो. रंगीत भिंतीचाही परिणाम होतो. गुलाबी भिंतीशेजारी टांगलेली पांढरी साडी गुलाबी छटा घेते. म्हणून एकाच प्रकारचा उजेड आणि आजूबाजूला पांढऱ्या किंवा करड्या पृष्ठभागाखेरीज काही नाही, ही पहिली अट समजावी.

दुसरी गोष्ट फोटोग्राफीच्या साहित्याच्या दुकानात मिळणाऱ्या करड्या कार्डाची. उजेडाची मांडणी पूर्ण झाली की साडीवर हे कार्ड ठेवून एक फोटो घ्यावा आणि मग कार्ड काढून बाकीचे फोटो घ्यावेत. संगणकावर लाइटरूम किंवा डार्कटेबलसारख्या प्रणालीत त्या कार्डावर टिचकी मारली, की उजेडाचा निळा-पिवळा कल काढून टाकला जातो. हीच दुरुस्ती त्या बैठकीतील सर्व फोटोंना एकदम लावता येते. डार्कटेबल मोफत मिळते. कार्डाऐवजी साधा पांढरा कागद वापरण्याचा मोह टाळावा, कारण कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात घातलेल्या द्रव्यांमुळे तो निळसर झाक देतो. मोबाइलमध्ये ‘रॉ’ स्वरूपात फोटो घेण्याची सोय असेल, तर साड्यांसाठी ती जरूर वापरावी. त्या फाइलमध्ये रंग सुधारायला बराच वाव राहतो.

एवढे करूनही काही रंग पडद्यावर पूर्ण उतरत नाहीत. बहुतेक संकेतस्थळे ‘एसआरजीबी’ या रंगमर्यादेत फोटो दाखवतात आणि गडद, तेजस्वी मोरपंखी त्या मर्यादेबाहेर जातो. धूपछाव साडीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे तिचा खरा रंग एका फोटोत मावतच नाही. तिचे दोन बाजूंनी दोन फोटो द्यावेत, किंवा पदर हळूहळू हलवताना घेतलेली दहा सेकंदांची चित्रफीत द्यावी. शिवाय वर्णनात रंग शब्दांत लिहावा. ‘वांगी रंग, उन्हात किंचित लालसर झाक’ एवढे वाक्य असले, तरी गिऱ्हाइकाची अपेक्षा जागेवर येते. प्रत्येक साडीचा अंतिम फोटो प्रसिद्ध करण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात प्रत्यक्ष साडी पडद्याशेजारी धरून पाहावी, आणि पाहताना मोबाइलचा पिवळसर ‘नाइट मोड’ बंद असल्याची खात्री करावी.

कामाच्या क्रमाबाबत साड्यांचा नियम चपलांच्या उलट आहे. इथे साडी घडी मोडून, चुण्या घालून मांडायला वेळ लागतो, मोबाइल सरकवायला नाही. म्हणून एक साडी लावली की तिचे सगळे फोटो एकाच वेळी घ्यावेत : पूर्ण पदर, काठ, अंगावरची बुट्टी, आणि पदराची मागची बाजू. ही मागची बाजू बहुतेक विक्रेते दाखवत नाहीत, हे मला कोडेच वाटते. हातमागाच्या पैठणीतील मोर किंवा मुनिया मागूनही जवळजवळ तितकीच सुबक दिसते, तर यंत्रमागावरच्या नकलेत मागे धाग्यांचे लोंबते जाळे असते. आपल्या किमतीचे कारण सांगणारा इतका चांगला फोटो दुसरा नाही.

कायद्याची बाजूही लक्षात असावी. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, जाहिरातीत दाखवलेली वैशिष्ट्ये मालात नसतील तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. खुलवलेला फोटो ही तशी जाहिरातच ठरते.

प्रश्न : मी तांब्याचे हंडे, लोटे आणि ताटे विकतो. प्रत्येक फोटोत भांड्यावर माझा चेहरा, मोबाइल आणि घराची खिडकी दिसते. ते पुसण्यात प्रत्येक फोटोमागे अर्धा तास जातो.
(एक वाचक, कसबा पेठ, पुणे)

उत्तर : चकचकीत धातूचा फोटो हा खरे तर त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंचा फोटो असतो. भांड्यावर दिवा टाकण्याऐवजी, भांड्याला जे दिसेल ते पांढरे करावे. बटरपेपर किंवा ट्रेसिंग पेपर चौकटीवर ताणून भांड्याच्या दोन्ही बाजूंना आणि वर लावावा आणि दिवे त्याच्या बाहेरून सोडावेत. समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करून त्याला मोबाइलच्या भिंगापुरते भोक पाडावे आणि आपण पुठ्ठ्यामागे उभे राहावे. तिपाईवर मोबाइल लावून तीन सेकंदांचा टायमर वापरला, तर हाताचे प्रतिबिंबही येत नाही. राहिलेला छोटा काळा ठिपका पुसणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

सगळीकडे पांढरे झाले की भांडे सपाट आणि कडा हरवलेले दिसू लागते. अशा वेळी काळ्या पुठ्ठ्याच्या दोन अरुंद पट्ट्या भांड्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, फोटोच्या चौकटीबाहेर उभ्या कराव्यात; त्यांचे प्रतिबिंब कडेला बारीक गडद रेघ म्हणून उमटते आणि गोलाई दिसू लागते. मठारकाम केलेल्या भांड्याला मात्र याहून वेगळी वागणूक द्यावी. हातोडीच्या ठोक्यांची प्रत्येक खळगी उठून दिसायला हवी असेल, तर एका बाजूचा दिवा बंद करून उजेड एकाच बाजूने, तिरका येऊ द्यावा.

भांडी चिंच-मिठाने घासून, कोरडी पुसून त्याच दिवशी फोटो घ्यावेत आणि मांडताना सुती हातमोजे घालावेत. तांब्यावर उमटलेला बोटाचा ठसा डोळ्याला दिसत नाही, पण मोठ्या केलेल्या फोटोत ठळक दिसतो.

प्रश्न : आमचा बचत गट काजू, आमसुले आणि मालवणी मसाला विकतो. स्वतःचे संकेतस्थळ केले आहे, पण पान उघडायला फार वेळ लागतो. फोटो किती मोठे असावेत? पाकिटावरचे लेबल फोटोत दाखवणे सक्तीचे आहे का?
(महिला बचत गट, सिंधुदुर्ग)

उत्तर : मोबाइलमधून निघालेला फोटो साधारण चार हजार बाय तीन हजार पिक्सेलचा आणि काही एमबी वजनाचा असतो. तो तसाच चढवला, तर गावाकडच्या जोडणीवर गिऱ्हाईक पान उघडण्याची वाट न पाहता निघून जाते. स्वतःच्या संकेतस्थळासाठी २०४८ बाय २०४८ पिक्सेलचा चौकोनी फोटो पुरेसा आहे. ऑनलाइन दुकान उभारून देणारी शॉपिफाय ही सेवाही हेच माप सुचवते. ॲमेझॉनवर मोठी बाजू १००० पिक्सेलपेक्षा कमी असेल तर झूम चालत नाही, १६०० किंवा अधिक असावी, वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापावा आणि पहिल्या फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी असावी, अशी अपेक्षा असते. दोन्ही ठिकाणी चालेल असा एकच चौकोनी मूळ फोटो तयार करून त्याच्या लहान प्रती काढणे सोयीचे ठरते.

संकेतस्थळासाठीच्या प्रती ‘वेबपी’ स्वरूपात काढाव्यात. गुगलने २०१० मध्ये आणलेले हे स्वरूप त्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा साधारण पाव ते एक तृतीयांश हलके असते. शेकडो फोटो एकेक करून लहान करू नयेत. इमेजमॅजिकसारखी मोफत साधने अख्खा फोल्डर एका आज्ञेत त्याच मापाचा, त्याच स्वरूपाचा करून देतात. मूळ फोटोंना मात्र हात लावू नये. ते वेगळ्या फोल्डरमध्ये आणि एका बाहेरच्या डिस्कवर ठेवावेत. आयफोनचे फोटो ‘एचईआयसी’ स्वरूपात असतील, तर तेही याच टप्प्यावर बदलून घ्यावेत.

आणखी दोन बारीक गोष्टी. मोबाइलवरून संगणकावर फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत, अन्यथा ते आधीच दाबून लहान केले जातात. आणि घरी काढलेल्या फोटोत घराचे ठिकाण नोंदलेले असू शकते, म्हणून कॅमेऱ्यातील स्थाननोंद बंद ठेवावी.

लेबलाचे म्हणाल, तर वैधमापन (पॅकबंद वस्तू) नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत यांसारखी बहुतेक माहिती गिऱ्हाइकाला पडद्यावर दिसणे १ जानेवारी २०१८ पासून बंधनकारक आहे. ती वर्णनात लिहावी आणि पाकिटाच्या लेबल असलेल्या बाजूचा, चौदा अंकी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक वाचता येईल असा एक फोटोही जोडावा. चकाकणाऱ्या पाकिटावर उजेडाचा पट्टा पडून अक्षरे पुसट होत असतील, तर दिवा न हलवता पाकीट थोडे पुढे झुकवावे. पहिल्या फोटोत पाकीट असावे, दुसऱ्यात वाटीत काढलेला माल. आमसुलाचा काळपट जांभळा रंग आणि काजूचा आकार गिऱ्हाईक तिथेच पाहते.

प्रश्न : फोटोग्राफरला पैसे देऊन काढून घेतलेले फोटो तो दुसऱ्या विक्रेत्याला देऊ शकतो का? आणि एआयने पार्श्वभूमी बदलली तर चालते का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. तरीही बिलावर तशी एक ओळ लिहून घ्यावी आणि मूळ फाइली ताब्यात घ्याव्यात. घाऊक व्यापाऱ्याकडून आलेले किंवा दुसऱ्याच्या दुकानातून उचललेले फोटो परवानगीशिवाय वापरू नयेत.

एआयने पार्श्वभूमी बदलायला हरकत नाही, पण ही साधने पार्श्वभूमी बदलता बदलता वस्तूलाही हात लावतात. वेणीचा एक पदर वाढतो, काठावरची नक्षी वेगळी होते, पाकिटावरील अक्षरे अर्थहीन बनतात. म्हणून प्रत्येक फोटो पूर्ण आकारात मोठा करून मूळ फोटोशेजारी ठेवून तपासावा, आणि शिवण, विणकाम किंवा लेबल यांत जरासाही फरक आढळला तर तो फोटो टाकून द्यावा.